साखळी स्पर्धांतील बरोबरीचा नियम आधी जाहीर करा : जिल्ह्यातील टेनिस खेळाडू, पालक व प्रशिक्षक यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हा क्रीडा अधिकारी, अहिल्यानगर
तसेच जिल्ह्यात टेनिस स्पर्धा भरवणारे सर्व क्लब, अकादमी, शाळा व महाविद्यालये

माहितीसाठी प्रत : महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटना

विषय : साखळी पद्धतीच्या टेनिस स्पर्धांत दोन किंवा अधिक खेळाडूंचे विजय समान झाल्यास पुढे कोण जाणार, याचा एकच लेखी नियम जिल्हाभर लागू करण्याबाबत.

महोदय / महोदया,

अकोले, संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी, जामखेड, कर्जत अशा तालुक्यांतून नगरला टेनिस खेळायला येणाऱ्या मुलामुलींचे पालक, त्यांचे प्रशिक्षक आणि काही आजी-माजी खेळाडू यांच्या संघटनेतर्फे हे मागणीपत्र सादर करत आहोत. साखळीतून आमचे मूल बाद झाले, तर त्याबद्दल आमची तक्रार नाही. ते कोणत्या नियमाने बाद होऊ शकते, हे पहिली सर्व्हिस पडण्याआधी फलकावर लिहिलेले असावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तीनपैकी दोन सामने जिंकलेले मूल संध्याकाळी सामनाधिकाऱ्यांच्या टेबलापाशी जाते आणि ‘तुझे गेम कमी पडले’ एवढेच ऐकून परत येते, असा अनुभव आमच्यातील अनेकांच्या गाठीशी आहे. कुणाचे गेम, कसे मोजले, कुणाशी तुलना केली, हे सांगितले जात नाही. पुष्कळदा सांगणाऱ्यालाही ते नीट ठाऊक नसते, कारण नियम तिथेच, त्या घटकेला ठरलेला असतो. हे पत्र कोणत्याही एका आयोजकाविरुद्ध नाही, म्हणून यात कोणाचेही नाव घेतलेले नाही.

साखळी आम्हाला हवीच आहे

आधी एक गैरसमज दूर करतो. साखळी बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा; १७,०४८ चौरस किलोमीटर, १४ तालुके. अकोल्याचे मूल संगमनेर, लोणी, राहुरी करत नगरला पोचते. जामखेडच्या मुलाला नगरला यायचे तर आष्टी, कडा असा बीड जिल्ह्यातला रस्ता तुडवावा लागतो. बाद पद्धतीत इतके करून आलेले मूल पहिलाच सामना हरले, तर अर्ध्या तासात बॅग भरून परतीच्या एसटीत बसते. साखळीत त्याला तीन सामने तरी मिळतात. नवशिक्या खेळाडूला याहून मोठी शिकवणी नाही.

साखळी एक पराभव पोटात घालते, हेही आपण पाहिलेले आहे. मार्च २०२० मध्ये दुबईत झालेल्या फेड चषकाच्या आशिया-ओशिआनिया गटात भारतीय महिला संघ पहिल्याच लढतीत चीनकडून हरला आणि त्यानंतर सलग चार लढती जिंकून दुसरा आला. प्ले-ऑफमध्ये जाण्याची भारताची ती पहिलीच वेळ. त्या संघात सानिया मिर्झा आणि अंकिता रैना यांच्यासोबत आपल्या श्रीरामपुरात जन्मलेली ऋतुजा भोसले होती. स्पर्धा बाद पद्धतीची असती, तर तो संघ पहिल्याच दिवशी घरी परतला असता.

म्हणजे साखळीचा फायदा उघड आहे. तिची किंमत मात्र एकच, आणि ती म्हणजे बरोबरी. ती किंमत कोणी, कशी मोजायची, हे आधी ठरलेले नसते, तिथूनच तंटा सुरू होतो.

बरोबरी वरचेवर होते

‘असे क्वचित होते’ हे उत्तर आम्ही अनेकदा ऐकले आहे. ते तपासून पाहू. चौघींच्या गटात एकूण सहा सामने होतात. चौघी तोलामोलाच्या आहेत असे धरले, तर सहा सामन्यांचे निकाल ६४ प्रकारे लागू शकतात. त्यांपैकी ८ प्रकारांत तिघींचे प्रत्येकी दोन विजय होतात आणि चौथी एकही सामना जिंकत नाही. आणखी ८ प्रकारांत एक मुलगी तिन्ही सामने जिंकते आणि उरलेल्या तिघी एकेका विजयावर अडकतात. म्हणजे ६४ पैकी १६ वेळा, चारांत एकदा, तिघींची बरोबरी. तिघींच्या गटातही तेच: ८ शक्यता, त्यांपैकी २ मध्ये प्रत्येकीचा एक विजय, एक पराभव. आठ गटांची स्पर्धा असेल, तर सरासरी दोन गटांत हा पेच पडणारच. खेळाडूंच्या ताकदीत फरक असला की प्रमाण कमी होते, पण निवड चाचणीत मुले तुल्यबळच असतात. ज्या गोष्टीची वर्षभरात अनेकदा गाठ पडणार, तिचा नियम ऐन वेळी शोधणे परवडणारे नाही.

लंडनमध्ये काय झाले

जगातल्या पहिल्या आठ खेळाडूंनाही हा पेच चुकलेला नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये लंडनच्या एटीपी वर्ल्ड टूर फायनल्समध्ये रॉजर फेडरर, हुआन मार्टिन देल पोत्रो, अँडी मरे आणि फर्नांडो व्हर्डास्को एका गटात होते. मरेने देल पोत्रोला हरवले, देल पोत्रोने फेडररला आणि फेडररने मरेला. तिघांनीही व्हर्डास्कोला हरवले. तिघांचे दोन विजय, एक पराभव. सेट पाहिले, तर तिघांचेही पाच जिंकलेले, चार हरलेले. मग गेमांकडे जावे लागले. फेडररचे ४४ जिंकलेले, ४० हरलेले, म्हणजे ५२.३८ टक्के. देल पोत्रोचे ४५ आणि ४३, म्हणजे ५१.१४ टक्के. मरेचे ४४ आणि ४३, म्हणजे ५०.५७ टक्के. पहिले दोघे उपांत्य फेरीत गेले, मरे बाद.

देल पोत्रोचा एकच गेम कमी असता, तर त्याचे आणि मरेचे आकडे तंतोतंत सारखे झाले असते. मग त्या दोघांमधला निकाल पाहिला गेला असता आणि तो मरेच्या बाजूने होता. घरच्या प्रेक्षकांसमोर, आपण हरवलेल्या खेळाडूच्या मागे, एका गेमने त्याला बाहेर पडावे लागले. याहून वाईट नशीब काय असणार? तरीही तिथे निकालावरून तंटा झाला नाही. सेटांची टक्केवारी, मग गेमांची टक्केवारी, हा क्रम स्पर्धेआधीच छापलेला होता. शेवटचा सामना संपल्यावर आकडेमोडीला थोडा वेळ लागला, पण नियम कोणी शोधत बसले नाही.

उलट बाजूचे उदाहरण २०१५ मध्ये सिंगापूरला झालेल्या डब्ल्यूटीए फायनल्सचे. अग्निएस्का राडवान्स्का मारिया शारापोव्हाकडून हरली, फ्लाविया पेनेट्टाकडूनही हरली आणि शेवटी सिमोना हालेपला तिने दोन सेटमध्ये हरवले. शारापोव्हा गटात अपराजित राहिली, बाकी तिघींचा एकेक विजय. राडवान्स्काचे तीन सेट जिंकलेले, चार हरलेले. पेनेट्टा आणि हालेप यांचे प्रत्येकी दोन जिंकलेले, चार हरलेले. शारापोव्हाकडून हरतानाही राडवान्स्काने जो एक सेट जिंकला होता, त्याने तिला तारले. पुढे तीच विजेती ठरली. राडवान्स्काला हरवलेली पेनेट्टा मात्र गटातच थांबली, आणि ती तिच्या कारकिर्दीची अखेरची स्पर्धा होती. दोन्ही निकाल कडू म्हणा, पण ज्या खेळाडूंना ते सोसावे लागले त्यांना मोजणी आधीपासून माहीत होती.

गेम कसे मोजणार?

‘ज्याचे गेम जास्त तो पुढे’ हे वाक्य ऐकायला सोपे, पण त्यात किमान तीन प्रश्न दडलेले आहेत.

पहिला, बेरीज-वजाबाकी की टक्केवारी? एका मुलीचे २४ गेम जिंकलेले, १३ हरलेले. दुसरीचे ३० जिंकलेले, १८ हरलेले. फरक पाहिला तर पहिलीचा ११, दुसरीचा १२. म्हणजे दुसरी पुढे. टक्केवारी पाहिली तर पहिलीची ६४.८६, दुसरीची ६२.५०, म्हणजे पहिली पुढे. दुसरीचे सामने लांबले म्हणून तिचे गेम वाढले, एवढेच.

दुसरा, तिसऱ्या सेटऐवजी खेळल्या जाणाऱ्या दहा गुणांच्या सुपर टायब्रेकचे काय? हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ३० सप्टेंबर २०२३ रोजी ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा यांनी मिश्र दुहेरीत चायनीज तैपेईच्या जोडीला २-६, ६-३, १०-४ असे हरवून सुवर्णपदक मिळवले. आता यातले गेम मोजा. टायब्रेक सोडून दिला, तर आपल्या जोडीचे ८ आणि हरलेल्या जोडीचे ९. टायब्रेक हा एक गेम धरला, तर ९-९. टायब्रेकचे गुण गेमांसारखे धरले, तर १८-१३. सामना एकच, पण मोजणीच्या तीन रीतींनी तीन निकाल. सुवर्णपदक जिंकणारी जोडी एका रीतीने मागे, दुसरीने बरोबरीत, तिसरीने पुढे.

यातूनच तिसरा प्रश्न येतो. गेमांना किती महत्त्व द्यायचे? टेनिसमध्ये गेमांची बेरीज जिंकत नाही, सामना जिंकतो. २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात फेडररने ३६ गेम जिंकले आणि नोव्हाक जोकोव्हिचने ३२, तरी चषक जोकोव्हिचने उचलला. म्हणून गेमांची मोजणी बरोबरी सोडवायला वापरावी लागली तरी ती शेवटच्या पायऱ्यांवर असावी. आपल्याकडे वेळ वाचवण्यासाठी साखळीचे सामने अनेकदा सहा गेमांच्या एकाच सेटचे ठेवतात. अशा वेळी तिघींची बरोबरी झाली की सेटांचे आकडेही आपोआप सारखेच येतात आणि सगळा भार गेमांवर पडतो. म्हणजे जिथे सामने सर्वांत छोटे, तिथे एकेका गेमची किंमत सर्वांत जास्त.

न झालेल्या सामन्याचे सहा गेम

सर्वांत जास्त अन्याय वॉकओव्हरच्या हिशेबात होतो. उदाहरण काल्पनिक आहे, आकडे पडताळून पाहावेत.

समजा, अकोले, श्रीरामपूर, नगर आणि जामखेड अशा चार मुलींचा गट आहे. सामने एका सेटचे, पुढे दोघी जाणार. अकोलेची मुलगी श्रीरामपूरला ६-४ हरवते. श्रीरामपूर नगरला ६-३ हरवते. नगर अकोलेला ६-४ हरवते. जामखेडची मुलगी अकोलेकडून ६-३ आणि श्रीरामपूरकडून ६-२ अशी हरते. तिचा नगरशी सामना उरतो. उशीर झालेला असतो, शेवटची गाडी गाठायची असते आणि गटातून पुढे जाण्याची आशा संपलेली असते. ती निघून जाते. नगरच्या मुलीला वॉकओव्हर मिळतो.

वॉकओव्हर ६-० धरला, तर नगर १५-१०, म्हणजे ६० टक्के. श्रीरामपूर १६-११, म्हणजे ५९.२६. अकोले १६-१३, म्हणजे ५५.१७. नगर पहिली, श्रीरामपूर दुसरी, अकोले बाद.

वॉकओव्हरचा विजय धरला पण गेम धरले नाहीत, तर नगर ९-१०, म्हणजे ४७.३७ टक्के. ती तिसरी होते आणि बाद ठरते.

जामखेडशी झालेले सगळ्यांचे सामने हिशेबातून वगळले, तर श्रीरामपूर १०-९, अकोले १०-१०, नगर ९-१०. पुन्हा नगर बाद, अकोले पुढे.

तिघी जेवढ्या खेळायच्या तेवढ्या खेळल्या. निकाल उलटला तो न झालेल्या सामन्याच्या सहा गेमांमुळे. यात जामखेडच्या मुलीचा दोष नाही, नगरच्या मुलीने काही लबाडी केली असेही नाही. कागदावर लिहायची एक ओळ कोणी लिहिली नव्हती, एवढेच.

आमच्या मागण्या

१. प्रत्येक साखळी स्पर्धेच्या प्रवेशिकेसोबत बरोबरीचे नियमपत्रक द्यावे आणि तेच स्पर्धेच्या दिवशी फलकावर लावावे. क्रम असा असावा : आधी एकूण विजय, दोघींची बरोबरी असेल तर परस्परांतील निकाल, तिघींची असेल तर सेटांची टक्केवारी, मग गेमांची टक्केवारी, या पायऱ्यांवर एक वेगळी निघून दोघी समान उरल्या, तर त्या दोघींचा परस्परांतील निकाल.

२. सर्वत्र टक्केवारीच वापरावी, फरक वापरू नये. टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत काढावी.

३. दहा गुणांचा सुपर टायब्रेक हा एक सेट आणि एक गेम धरावा. त्यातील गुण गेमांच्या बेरजेत मिळवू नयेत.

४. एखादी खेळाडू गटातील सर्व सामने पूर्ण करू शकली नाही, तर तिच्याविरुद्धचे विजय कायम राहावेत. बरोबरीतल्या खेळाडूंची टक्केवारी काढताना मात्र तिच्याशी झालेले सर्वांचे सामने वगळावेत. सामना अर्धवट सोडल्यासही हेच लागू व्हावे. माघारीचे कारण आणि वेळ रेफ्रींनी स्कोअरशीटवर लिहावी, म्हणजे सोयीची माघार घेण्याला आळा बसेल.

५. ड्रॉ जाहीर झाल्यावर नियमात कोणताही बदल करू नये. मग तो कितीही न्याय्य वाटो. मार्च २००७ मध्ये लास वेगासच्या एटीपी स्पर्धेत हाच घोळ झाला. जेम्स ब्लेकला पुढे जायला देल पोत्रोला सरळ सेटमध्ये, पाचापेक्षा जास्त गेम न देता हरवायचे होते. ६-१, ३-१ अशी आघाडी असताना देल पोत्रोने माघार घेतली. नियमाप्रमाणे ब्लेकला हरवलेला येव्हगेनी कोरोलेव पुढे जायला हवा होता. एटीपीच्या प्रमुखांनी आधी ब्लेकला पुढे पाठवले आणि दुसऱ्या दिवशी निर्णय फिरवून कोरोलेवला जागा दिली. काही आठवड्यांतच एटीपीने नेहमीच्या स्पर्धांमधला साखळीचा प्रयोग गुंडाळला. ब्लेकबद्दल सहानुभूती कोणालाही वाटेल, पण सहानुभूतीने नियम वाकवला की दुसऱ्या खेळाडूचा हक्क जातो.

६. स्कोअरशीटवर दोन्ही खेळाडूंच्या सह्या घ्याव्यात. लहान गटांत बहुतेक सामन्यांना पंच नसतो. मुले स्वतःच लाइन देतात, स्वतःच गुण मोजतात, आणि जिंकलेले मूल चेंडू परत करताना टेबलावर तोंडी स्कोअर सांगते. बाद पद्धतीत ६-२ की ६-३ याने काही बिघडत नाही. साखळीत त्याच एका गेमवर कोणाचा तरी हंगाम अवलंबून असतो.

७. गटातील शेवटचे दोन सामने शक्य तिथे शेजारच्या कोर्टवर एकाच वेळी सुरू करावेत. १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना आपल्याला कोणता निकाल पुरेसा आहे हे आधीच माहीत होते. जर्मनीच्या एका गोलनंतर दोघांनी वेळ काढला आणि अल्जेरिया बाहेर गेली. पुढच्या विश्वचषकापासून गटातले अखेरचे सामने एकाच वेळी होऊ लागले. टेनिसमध्ये २०२३ साली तुरिनच्या एटीपी फायनल्समध्ये यानिक सिनर आधीच उपांत्य फेरीत पोचलेला होता. तो होल्गर रूनेकडून हरला असता, तर जोकोव्हिच बाद झाला असता. सिनर प्रामाणिकपणे जिंकला आणि अंतिम सामन्यात त्याच जोकोव्हिचकडून हरला. त्याचे कौतुकच आहे. पण बारा वर्षांच्या मुलाला अशा परीक्षेला बसवू नये. तिघांच्या गटात एकाच वेळी सामने शक्य नसतात. तिथे पहिल्या सामन्यात हरलेल्या खेळाडूने दुसरा सामना खेळावा, म्हणजे शेवटच्या सामन्याआधीच गटाचा विजेता ठरून बसत नाही.

८. गटाचे सामने संपल्यावर विजय, सेट, गेम आणि टक्केवारी यांचा पूर्ण तक्ता फलकावर लावावा. हरकत घेण्यासाठी तीस मिनिटे द्यावीत, त्यासाठी शुल्क नसावे, आणि हरकतीचा निर्णय दोन ओळींत लिहून द्यावा. तोवर पुढच्या फेरीचा ड्रॉ काढू नये.

९. सर्व पायऱ्या संपूनही बरोबरी उरली, तर चिठ्ठी, नाणेफेक किंवा जुने मानांकन यांचा आधार न घेता संबंधित खेळाडूंमध्ये दहा गुणांचा टायब्रेक खेळवावा. पाव तासात निकाल लागतो आणि तो खेळाडूंच्या हातून लागतो. निवड चाचणीत तर निवडीची शेवटची जागा केवळ गेमांच्या टक्केवारीवर देऊच नये. त्या दोघींचा एक सामना पुन्हा खेळवावा.

१०. लांबच्या तालुक्यांतील खेळाडूंचे सामने सकाळी उशिरा सुरू करून दुपारनंतर लवकर संपतील असे वेळापत्रक करावे. प्रवेशिकेत तालुका आणि परतीच्या गाडीची वेळ विचारली तरी निम्मे वॉकओव्हर टळतील, असा आमचा अंदाज आहे.

११. दोन विजय मिळवून बाद झालेल्या खेळाडूंसाठी शक्य तिथे एक सांत्वन फेरी ठेवावी आणि प्रमाणपत्रावर त्यांच्या जय-पराजयाची नोंद करावी. ‘गट फेरीत बाद’ या तीन शब्दांत एकही सामना न जिंकलेला आणि दोन जिंकलेला, दोघेही सारखेच दिसतात.

काही आक्षेप आणि आमचे उत्तर

‘लहान मुलांच्या स्पर्धेला इतके नियम कशाला?’ असे विचारले जाईल. मुले लहान आहेत म्हणूनच. मोठा खेळाडू नियम विचारून घेतो, वाद घालतो. दहा वर्षांचे मूल गप्प राहते आणि ‘मला मुद्दाम काढले’ एवढेच मनात घेऊन घरी जाते. लेखी नियम त्याला या संशयापासून वाचवतो. आयोजकांनाही वाचवतो, कारण स्थानिक मुलाला झुकते माप दिल्याचा आरोप मग उरत नाही.

‘हिशेबाला माणसे कुठून आणायची?’ हा आक्षेप खरा आहे. जिल्ह्यातल्या बहुतेक स्पर्धा दोन-चार हौशी माणसांच्या जिवावर चालतात, हे आम्ही जाणतो. पण चौघींच्या गटाचा हिशेब म्हणजे सहा स्कोअर आणि चार भागाकार. तो मोबाइलवर पाच मिनिटांत होतो. वेळ हिशेबाला लागत नाही, नियमच नसल्यामुळे होणाऱ्या वादाला लागतो.

‘गेमांची टक्केवारी धरली की मूल ०-५ ने मागे असतानाही झुंजत राहते, हा फायदा नाही का?’ आहे, आणि म्हणूनच ती पूर्ण काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. गेम मोजले जाणार हे कळले की काही पालक कुंपणाबाहेरून ‘एकही गेम देऊ नकोस’ असे ओरडतात, आणि नुकती रॅकेट धरलेली मुलगी ०-६ ने हरून रडत बाहेर येते. म्हणून विजय, परस्परांतील निकाल आणि सेट यांच्यानंतरच गेमांकडे जावे.

‘शेवटी खेळात नशीब असतेच’ हेही खरे. नेटच्या पट्टीला लागून चेंडू पलीकडे पडला, तर गुण मिळवणारा खेळाडू हात वर करून प्रतिस्पर्ध्याची माफी मागतो आणि गुण मात्र ठेवतो. ही टेनिसची रीतच आहे. त्या नशिबाबद्दल आम्ही काहीच मागत नाही. मरेला एका गेमने जे भोगावे लागले, ते आमच्या मुलांनाही कधी ना कधी भोगावे लागेल. त्या दिवशी त्यांना समजावून सांगण्यासाठी आमच्या हातात छापील नियम असावा.

आमचा वाटा

मागण्या करून हात झटकणे आम्हाला मान्य नाही. नियमपत्रक मान्य झाल्यास संघटना पुढील जबाबदारी घेईल : प्रत्येक साखळी स्पर्धेला नोंदी ठेवण्यासाठी दोन स्वयंसेवक देणे, स्कोअरशीटचे आणि तक्त्याचे कोरे नमुने छापून पुरवणे, हंगामापूर्वी पालक व खेळाडूंना नियम समजावून सांगणारी बैठक घेणे, आणि नियमानुसार लागलेल्या निकालावर कोणी पालक टेबलापाशी आरडाओरडा करत असेल, तर त्याला आमच्याच सभासदांनी बाजूला घेणे. नियम आमच्या मुलाच्या विरोधात गेला तरी तो आम्ही पाळू, असे या पत्रावर सही करणाऱ्या प्रत्येकाने मान्य केले आहे.

विनंती

जिल्ह्यातील आयोजक, प्रशिक्षक आणि पालक यांची एकत्र बैठक मा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत वाडिया पार्क येथील जिल्हा क्रीडा संकुलात बोलवावी. सोबतच्या मसुद्यावर चर्चा करून, हवे ते बदल करून, पुढील हंगामाच्या पहिल्या साखळी स्पर्धेपासून तो लागू करावा. वरील अकरापैकी सर्व मागण्या एकदम मान्य होणार नाहीत, हे आम्ही समजतो. वेळापत्रक, सांत्वन फेरी, शेजारची कोर्ट्स यांना खर्च आणि जागा लागते. त्यासाठी एक-दोन हंगाम थांबायची आमची तयारी आहे. पहिल्या सहा आणि आठवी मागणी यांना मात्र कागद आणि पेनाखेरीज काहीच लागत नाही. त्यांच्यासाठी थांबण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य
टेनिस खेळाडू, पालक व प्रशिक्षक यांची संघटना, अहिल्यानगर जिल्हा

जोडपत्र : फलकावर लावायच्या नियमपत्रकाचा मसुदा

अ) गटातील क्रम एकूण विजयांवर ठरेल.
आ) दोघांचे विजय समान असल्यास त्या दोघांमधील सामना जिंकणारा वर राहील.
इ) तिघांचे विजय समान असल्यास आधी जिंकलेल्या सेटांची टक्केवारी, मग जिंकलेल्या गेमांची टक्केवारी पाहिली जाईल. एक खेळाडू वेगळा निघून दोघे समान उरल्यास नियम आ लागू होईल.
ई) सुपर टायब्रेक म्हणजे एक सेट आणि एक गेम.
उ) सर्व सामने पूर्ण न करणाऱ्या खेळाडूविरुद्धचे विजय धरले जातील, पण टक्केवारीत त्याचे कोणतेच सामने धरले जाणार नाहीत.
ऊ) तरीही बरोबरी राहिल्यास दहा गुणांचा टायब्रेक खेळवला जाईल.
ए) तक्ता लागल्यापासून तीस मिनिटांत लेखी हरकत घेता येईल. त्यानंतर निकाल अंतिम.
ऐ) ड्रॉ जाहीर झाल्यावर या पत्रकात बदल होणार नाही.

रेफ्रींची सही : ____________
पत्रक लावल्याची तारीख व वेळ : ____________